हरणाच्या शिंगांचा स्कोर कसा काढायचा: व्हाइटटेलला पहिल्यांदा टेप लावणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर संपत आला की विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगनकडच्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा तरी फोटो येतोच, पिकअपच्या मागे व्हाइटटेल (इकडचं नेहमीचं, पांढऱ्या शेपटीचं हरीण), शेजारी केशरी जॅकेटमध्ये आपलाच कोणीतरी, आणि खाली प्रश्न, "किती स्कोर होईल याचा?" मग एक जण म्हणतो १३०, दुसरा म्हणतो दीडशेच्या खाली नाहीच, आणि टेप मात्र कोणीच लावलेली नसते. ऑफिसातल्या लोकांबरोबर जाऊन हंटिंग शिकलेत, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, लायसन्स झालं, पहिलं चांगलं मोठं हरीण पण मिळालं, पण शिंगं मोजून हा स्कोर काढायचा कसा हे कोणी शेजारी बसून शिकवत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. काम अवघड नाही, निवांत बसलात तर एका संध्याकाळी होतं, फक्त एकेक नियम नीट समजून घ्यावा लागतो, कारण आकडा चुकतो तो टेप वाचताना कमी आणि टेप कुठून कुठपर्यंत लावायची हे ठरवताना जास्त.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं अमेरिका-कॅनडाबद्दल आहे, जिथे सीझन ठरलेला असतो, लायसन्स आणि टॅग (मारलेल्या प्राण्याला लावायची परवानगीची चिठ्ठी) असतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे शिकार बंद आहे, आणि सांबर-चितळाची शिंगं जंगलात आपोआप गळून पडलेली असली तरी उचलून घरी आणता येत नाहीत. सुट्टीवर ट्रेकला गेल्यावर शिंग दिसलं तर तिथेच राहू द्या.

मोजायचं कशासाठी

इथे सगळ्यात जास्त चालणारी पद्धत बून अँड क्रॉकेट क्लबची. हा क्लब १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी काढला, तेव्हा बाजारासाठी बेसुमार मारून मारून बायसन, एल्क, हरणं सगळंच संपत चाललं होतं आणि हे प्राणी किती मोठे व्हायचे याची निदान नोंद तरी राहावी असा विचार पुढे आला. त्यांचं पहिलं रेकॉर्ड बुक १९३२ साली निघालं, आणि आत्ता आपण वापरतो ती मोजायची पद्धत १९५० साली पक्की झाली. मला ही पद्धत आवडते ती याचसाठी, की माप प्राण्याचं आहे. नराची शिंगं पूर्ण भरायला चार-पाच वर्षं तरी जावी लागतात, चांगलं खाणं लागतं, म्हणजे एखाद्या काउंटीतून मोठी शिंगं येत असतील तर तिथल्या नरांना म्हातारं होऊ दिलं जातंय असा त्याचा अर्थ. जगातला सगळ्यात मोठा नॉन-टिपिकल (म्हणजे शिंगांना जास्तीचे, आडवेतिडवे फाटे असलेला) व्हाइटटेल, स्कोर ३३३ ७/८, हा तर कोणी मारलेलाच नाही, १९८१ मध्ये मिसुरीत सेंट लुइस काउंटीमध्ये मेलेला सापडला होता आणि तरीही यादीत पहिला आहे.

आणि विस्कॉन्सिनकरांना तर जॉर्डन बकची गोष्ट माहीत असायलाच हवी. १९१४ साली जिम जॉर्डन नावाच्या माणसाने डॅनबरीजवळ एक प्रचंड हरीण मारलं, डोकं माउंट करायला टॅक्सिडर्मिस्टकडे दिलं, तो माणूस गाव सोडून गेला आणि डोकं गायब. चाळीसेक वर्षांनी ते मिनेसोटात जुन्या सामानाच्या विक्रीत ३ डॉलरला विकलं गेलं, घेणाऱ्याने कुतूहल म्हणून मोजलं, मोजणी अधिकृत झाली आणि आकडा निघाला २०६ १/८, तेव्हाचा टिपिकलचा, म्हणजे नेहमीच्या ठेवणीच्या शिंगांचा, वर्ल्ड रेकॉर्ड. जॉर्डन म्हणत राहिले की हे माझं हरीण आहे. क्लबने ते मान्य केलं १९७८ मध्ये, तोपर्यंत ते वारले होते. कोणी कधी कुठे मारलं हे नीट लिहून ठेवलं नाही तर काय होतं ते यात आलं सगळं. नंतर १९९३ मध्ये कॅनडात सस्कॅचवानमधल्या बिगर गावाजवळ मिलो हॅन्सन यांना २१३ ५/८ चं हरीण मिळालं, टिपिकलमध्ये आजही तेच पहिलं आहे.

आधी थोडी तयारी

हरणाचं शिंग म्हणजे हाड. वसंतात उगवायला लागतं, उन्हाळाभर वरती मखमलीसारखी रक्तवाहिन्यांची कातडी असते, ऑगस्ट-सप्टेंबरला ती घासून काढतात, आणि हिवाळा सरता सरता शिंगं गळून पडतात, पुढच्या वर्षी नवीन. ताज्या हाडात ओल असते आणि वाळताना ते आकसतं, स्प्रेड, म्हणजे दोन शिंगांमधलं अंतर, तर हमखास थोडा कमी होतो. म्हणून अधिकृत मोजणीच्या आधी ६० दिवस साध्या खोलीच्या हवेत वाळवायचं. कवटी उकळली असेल किंवा डोकं फ्रीझरमध्ये ठेवलं असेल तर दिवस त्यानंतर मोजायचे, फ्रीझरमधले दोन महिने धरायचे नाहीत. त्याआधी घेतलेल्या मापाला ग्रीन स्कोर म्हणतात, तो घ्या खुशाल, पण सांगताना ग्रीन आहे असं सांगा.

टॅक्सिडर्मिस्टला किंवा घरी कवटी साफ करणाऱ्याला एक गोष्ट ठासून सांगा की कवटीचा वरचा तुकडा मधून दोन भागांत कापायचा नाही. कवटी दुभंगली की दोन शिंगांमधलं खरं अंतर कळायचा मार्गच संपतो, आणि असं डोकं रेकॉर्डसाठी घेतच नाहीत. दुसरं, दुसऱ्या राज्यात हंटिंग केलं असेल तर सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या हरणांच्या रोगामुळे अख्खं डोकं राज्याबाहेर न्यायला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, मेंदू आणि मांस पूर्ण काढलेली स्वच्छ कवटी आणि शिंगं चालतात. निघायच्या आधी दोन्ही राज्यांच्या डीएनआरच्या (शिकारीचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर बघून घ्या.

सामान फार लागत नाही. पाव इंच रुंदीची लवचिक स्टीलची टेप, ही मुख्य. शिंप्याची कापडी टेप नको, ती ताणली जाते. रुंद कन्स्ट्रक्शनची टेप पण नको, ती वळणावर बसत नाही. लांबीसाठी बारीक स्टीलची केबल, सायकलच्या ब्रेकची केबल मस्त चालते, तिला सरकवता येईल अशी छोटी क्लिप. एक घडीची लाकडी फूटपट्टी किंवा सरळ पट्टी स्प्रेडसाठी. मास्किंग टेप, टोकदार पेन्सिल, आणि बून अँड क्रॉकेटचा स्कोर शीट, तो त्यांच्या साइटवर फुकट मिळतो, टिपिकल व्हाइटटेलचा घ्या.

सगळी मापं इंचाच्या आठव्या भागापर्यंत घ्यायची. सेंटिमीटरवर वाढलेल्या आपल्या लोकांना इथे गोंधळायला होतं, पण आपल्याकडचा सुतार जसं "बावीस इंच पाच सूत" म्हणतो तसंच डोक्यात ठेवा, एक इंचाचे आठ सूत, त्याच्या खाली जायचं नाही, दोन रेषांच्या मध्ये आलं तर जवळची रेषा. आणि कागदावर ४/८ असेल तर ४/८ च लिहा, १/२ करू नका, बेरीज करताना सोपं जातं. मी खाली काही ठिकाणी सूतच म्हणणार आहे.

टेप बाजूला ठेवा, आधी पॉइंट ओळखा

नवीन माणूस घाई करतो ती इथे. डोकं टेबलावर ठेवा, चांगला उजेड घ्या आणि नुसतं बघा. प्रत्येक बाजूला एक जाड मुख्य दांडा असतो, तो मेन बीम. तो कवटीपासून निघून बाहेर, मग पुढे वळून येतो. त्याच्या वरच्या कडेतून उभे निघतात ते टाइन. डोळ्यांच्या वरचा पहिला छोटा तो ब्राऊ टाइन, शीटवर जी-१. पुढचा जी-२, बहुतेक वेळा तोच किंवा त्याच्या पुढचा सगळ्यात उंच, मग जी-३, जी-४ असं. मेन बीमचं शेवटचं टोक हा पण एक पॉइंट धरतात, मोजदादीत तो येतो, पण त्याची लांबी वेगळी मोजायची नाही कारण ती मेन बीमच्या लांबीत आलेलीच असते. नवख्यांच्या शीटवर हे टोक दोनदा मोजलेलं फार वेळा दिसतं, एकदा बीममध्ये, एकदा जी-५ म्हणून, आणि स्कोर एकदम पाच-सहा इंच फुगतो.

म्हणजे प्रत्येक बाजूला तीन टाइन आणि एक बीमचं टोक असं असेल तर तो एट-पॉइंटर. चार टाइन आणि टोक असेल तर टेन-पॉइंटर. पश्चिमेकडचे लोक एकाच बाजूचे मोजून फोर-बाय-फोर वगैरे म्हणतात, बोलताना कोण कुठला आहे ते लक्षात घ्या.

प्रत्येक फुगवटा पॉइंट नसतो. नियम असा की लांबी निदान एक इंच पाहिजे, आणि टोकापासून इंचभर किंवा त्याहून खाली आलं की तिथे कुठेतरी ती लांबी त्या जागेच्या रुंदीपेक्षा जास्त भरली पाहिजे. सात सुताचं टोक म्हणजे पॉइंट नाही, कितीही टोकदार असलं तरी. रुंद, बुटका उंचवटा पण नाही. "अंगठी अडकली की पॉइंट" वगैरे जे ऐकायला मिळतं ते गप्पांसाठी ठीक, शीटवर चालत नाही.

आता नॉर्मल आणि अ‍ॅबनॉर्मल. मेन बीमच्या वरच्या कडेतून ओळीने, दोन्ही बाजूंना जोडीने आलेले ते नॉर्मल. टाइनमधूनच फुटलेला दुसरा फाटा, बीमच्या खालून किंवा बाजूने आलेला, बुडाच्या कड्यातून आलेला, हे सगळे अ‍ॅबनॉर्मल. इथे दहा मिनिटं जास्त लागली तरी लागू द्या, कारण एखादा टाइन कुठल्या गटात टाकला यावर पुढचा सगळा हिशोब फिरतो. मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून त्यावर जी-१, जी-२ लिहून टाका, अ‍ॅबनॉर्मलवर फुली. समोरच्या बाजूला जोडीदार कोण ते पण बघा, म्हणजे उजवीकडे जी-३ म्हणताय तो डावीकडच्या जी-३ च्याच जागेवर आहे ना. एका बाजूला ब्राऊ टाइनच नसेल तर पुढच्याला जी-१ करायचं नाही, जी-१ च्या जागी शून्य, आणि तो जी-२ च राहतो.

स्प्रेड

शीटवर तीन स्प्रेड आहेत आणि स्कोरमध्ये येतो एकच. टोकापासून टोकापर्यंतचं अंतर आणि सगळ्यात बाहेरचं अंतर ही नुसती माहिती म्हणून लिहायची. कामाचा आहे तो इनसाइड स्प्रेड, शीटवर डी. दोन्ही मेन बीमच्या आतल्या बाजूंमधलं सगळ्यात जास्त अंतर, पण पट्टी कवटीच्या मध्यरेषेला काटकोनात आणि आडवी, सपाट हवी. तिरकी धरली की अंतर वाढतं, आणि आपलं हरीण असलं की हात नकळत तिरका जातोच, म्हणून दुसऱ्या माणसाला मागे उभं करून पट्टी सरळ आहे का ते बघायला सांगा. आणि हो, डी चं श्रेय जास्त लांब असलेल्या मेन बीमपेक्षा जास्त मिळत नाही. स्प्रेड २४ इंच आणि मोठा बीम २२ असेल तर २२ च धरायचे.

मेन बीमची लांबी

शिंगाच्या बुडाशी कवटीला लागून एक खडबडीत, मण्यामण्यांचं कडं असतं, इकडे त्याला बर म्हणतात. बीमच्या बाहेरच्या अंगाची मधली रेषा डोळ्याने खाली आणा, ती त्या कड्याला जिथे भेटते तिथल्या कड्याच्या खालच्या कडेला पेन्सिलने खूण करा. सुरुवात तिथून. केबलचं टोक तिथे धरा आणि बाहेरच्या बाजूच्या मधोमध केबल बीमच्या वळणाबरोबर टोकापर्यंत न्या, मध्ये मध्ये मास्किंग टेपने चिकटवत. टोकाशी क्लिप लावा, केबल अलगद काढा, सरळ स्टीलच्या पट्टीवर ताणून वाचा. वर-खाली घसरलेली केबल आकडा बदलते, म्हणून दोनदा करा. दोन वेळा सारखं आलं तर लिहा, नाही आलं तर तिसऱ्यांदा.

टाइनची लांबी

सगळ्या मोजणीतलं हे खरं हाताचं काम. टाइन कुठे सुरू होतो? तो बीममधून पसरत पसरत वर येतो, तिथे काही रेघ मारलेली नसते. ती आपण काढायची. पाव इंची टेप बीमच्या बाहेरच्या बाजूवर आडवी ठेवा, अशी की टेपची वरची कड टाइनच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे बीमच्या वरच्या कडेशी जुळेल. म्हणजे मनात असं धरायचं की हा टाइन नसताच तर बीमची वरची कड इथून कशी गेली असती. टाइनच्या बुडाशी टेपच्या वरच्या कडेने पेन्सिलची बारीक रेष ओढा. ही बेसलाइन.

बेसलाइन काढताना बोटाने चाचपून बघा. बीमचा गुळगुळीतपणा आणि टाइनच्या बुडाची खरखर वेगळी लागते, आणि डोळ्याला जे पसरट मूळ टाइनचं वाटतं त्यातलं बरंचसं बीमचं असतं हे हाताला लवकर कळतं. रेष दोन सूत खाली काढली की प्रत्येक टाइनला दोन सूत फुकटचे, आठ टाइन असतील तर पूर्ण दोन इंच. लोकांचे घरचे आणि अधिकृत आकडे जुळत नाहीत त्यात मोठा वाटा याचाच.

मग बेसलाइनच्या मध्यापासून टाइनच्या बाहेरच्या वळणावरून टोकापर्यंत. टाइन ज्या दिशेला वाकलाय त्याच्या बाहेरची फुगलेली बाजू, आतली पोकळ बाजू नाही. केबल किंवा क्लिपवाली टेप दोन्ही चालतं. टोक तुटलेलं असेल तर आहे तेवढंच, तुटलं नसतं तर किती असतं याला जागा नाही. नर भांडतात, टोकं तुटतात.

अ‍ॅबनॉर्मल पॉइंटही असेच मोजायचे, ज्यातून फुटलेत त्याच्यावर बेसलाइन काढून, आणि सगळ्यांची बेरीज शीटवर ई मध्ये.

घेर

प्रत्येक बाजूला चार घेर, हरीण कितीही पॉइंटचं असो. एच-१ बुडाचं कडं आणि जी-१ यांच्या मध्ये, एच-२ जी-१ आणि जी-२ च्या मध्ये, एच-३ जी-२ आणि जी-३ च्या मध्ये, एच-४ जी-३ आणि जी-४ च्या मध्ये. प्रत्येक ठिकाणी सगळ्यात बारीक जागा शोधायची, टेप गुंडाळून हळूहळू वर-खाली सरकवा आणि सगळ्यात छोटा आकडा घ्या. टेप बीमला काटकोनात. जी-४ नसेल, म्हणजे एट-पॉइंटर असेल, तर एच-४ जी-३ आणि बीमच्या टोकाच्या बरोबर मध्ये घ्यायचा. ब्राऊ टाइन नसेल तर एच-१ आणि एच-२ दोन्ही कडं आणि जी-२ च्या मधल्या सगळ्यात बारीक जागी, आकडा तोच दोनदा. टेपच्या टोकाला रिंग असेल तर ती आडवी येते, अशा वेळी १० इंचाच्या रेषेपासून गुंडाळा आणि वाचलेल्या आकड्यातून १० वजा करा.

हिशोब, एका उदाहरणावरून

समजा टेन-पॉइंटर आहे, डावीकडे जी-२ मधून एक छोटा फाटा जास्तीचा. इनसाइड स्प्रेड १७ ४/८. बाकी मापं अशी, आधी उजवं, मग डावं, मग फरक:

मेन बीम: २२ ५/८, २३ १/८, फरक ४/८
जी-१: ४ ३/८, ४ ७/८, फरक ४/८
जी-२: ९ २/८, ८ ६/८, फरक ४/८
जी-३: ८ १/८, ८ २/८, फरक १/८
जी-४: ५ ०/८, ३ ६/८, फरक १ २/८
एच-१: ४ ४/८, ४ ४/८, फरक नाही
एच-२: ३ ७/८, ४ ०/८, फरक १/८
एच-३: ४ ०/८, ४ १/८, फरक १/८
एच-४: ३ ५/८, ३ ४/८, फरक १/८

उजवीकडची बेरीज ६५ ३/८, डावीकडची ६४ ७/८. दोन्ही मिळून १३० २/८, त्यात स्प्रेड घातला की १४७ ६/८. फरकांची बेरीज ३ २/८, ती वजा, राहिले १४४ ४/८. आता तो जास्तीचा फाटा, १ ५/८. टिपिकलमध्ये तो वजा होतो, म्हणजे अंतिम स्कोर १४२ ७/८. नॉन-टिपिकलमध्ये तो मिळवतात, म्हणजे १४६ १/८. फरकांची वजाबाकी मात्र दोन्हीकडे होते. टिपिकल की नॉन-टिपिकल यातलं एक आपण निवडायचं, पण दोन्हींची रेकॉर्डची पायरी (यादीत यायला लागणारा किमान स्कोर) वेगळी असल्यामुळे एवढ्या छोट्या फाट्यासाठी नॉन-टिपिकलमध्ये टाकून काही हाती लागत नाही. असे फाटे बरेच आणि लांब असतील, बेरीज पंधरा-वीस इंचाच्या वर जात असेल, तेव्हा नॉन-टिपिकलचा विचार.

कोणी नुसतं "माझा १४९ चा आहे" म्हणालं तर ते हेच हरीण असू शकतं, सगळं मिळवून काही वजा न करता आलेला ग्रॉस. फरक काढून राहतो तो नेट. यावर वाद कायम चालू असतो, की हरणाने जी शिंगं वाढवली ती वाढवली, डावं-उजवं जुळत नाही म्हणून वजा का करायचं. मला या म्हणण्यात तथ्य वाटतं. पण दोन्ही बाजू जुळणारी शिंगं हीच त्या जातीची मूळ ठेवण असं मानून ही पद्धत बांधली आहे, आणि १९५० पासूनचे सगळे आकडे त्याच मापाने आहेत, त्यामुळे तुलना करायची तर नेटच लागतो. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही आकडे लिहा आणि सांगताना कुठला सांगताय ते सांगा. फोटोवरून मात्र स्कोर सांगू नका, हात पुढे ताणून धरलेलं डोकं कॅमेऱ्यात भलतंच मोठं दिसतं.

पुढे काय

बून अँड क्रॉकेटच्या कायमच्या यादीत यायला टिपिकल व्हाइटटेलला १७० आणि नॉन-टिपिकलला १९५ लागतात, तीन वर्षांच्या अवॉर्ड्स यादीसाठी १६० आणि १८५. धनुष्यबाणाने मारलेल्या हरणासाठी पोप अँड यंग क्लब आहे, १९६१ साली सुरू झालेला, पद्धत हीच, पायरी १२५ आणि १५५. म्हणजे वरचं उदाहरणातलं हरीण बाणाने मिळालं असेल तर पोप अँड यंगमध्ये बसतं, बंदुकीने असेल तर यादीत नाही. १७० म्हणजे किती मोठं हे त्यावरून लक्षात यावं, बहुतेक हंटर्सना आयुष्यात तेवढं हरीण मिळत नाही आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही.

घरचा आकडा पायरीच्या आसपास येत असेल तर ऑफिशियल मेझररकडे जा. ही मंडळी क्लबचं ट्रेनिंग घेतलेली, स्वयंसेवक, मोजायचे पैसे घेत नाहीत, एंट्रीची फी क्लबला वेगळी. जाताना लायसन्स-टॅगची माहिती, तारीख, काउंटी बरोबर ठेवा. हंटिंग फेअर चेसच्या (प्राण्याला निसटायची खरी संधी ठेवायच्या) नियमाने झालं असं सही करून द्यावं लागतं, त्यामुळे उंच कुंपणाच्या आत मारलेलं हरीण बसत नाही. मखमल शिंगावर असेल तर बून अँड क्रॉकेटसाठी ती काढावी लागते. तिथे गेल्यावर वाद घालू नका, प्रश्न भरपूर विचारा. बेसलाइन त्यांनी कुठे काढली ते जवळून बघितलं की लेख वाचून कळत नाही ते कळतं.

दुसऱ्या पद्धती पण आहेत, गोंधळू नका. सफारी क्लब इंटरनॅशनल डाव्या-उजव्याचा फरक वजा करत नाही, बकमास्टर्स अधिकृत स्कोरमध्ये स्प्रेड धरत नाही, त्यामुळे एकाच डोक्याचे तीन वेगळे आकडे येऊ शकतात. युरोपात सीआयसी नावाची पद्धत आहे, तिथे लाल हरणाच्या शिंगांचं वजन धरतात आणि दिसण्याचेही गुण असतात, छोट्या रो हरणाची शिंगं तर पाण्यात बुडवून त्यांचं आकारमान काढतात. आणि पश्चिमेला म्यूल डिअर मोजायची वेळ आली तर त्याचे टाइन ओळीने येत नाहीत, दुबेळक्यासारखे फाटे फुटत जातात, टाइनमधून फुटलेला टाइन तिथे नॉर्मल असतो, त्यामुळे शीट वेगळा घ्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगलात फिरताना गळालेली शिंगं सापडतात, पोरांना घेऊन जायला हा फार छान उद्योग आहे. एका बाजूचं शिंग याच पद्धतीने मोजता येतं, फक्त स्प्रेड नाही, आणि जोडी मिळाल्यावर अंदाजाने स्प्रेड घालून जो आकडा येतो तो अंदाजच समजा. काही राज्यांत शिंगं गोळा करायलाही ठरावीक तारखा किंवा परवानगी असते, आणि कवटीसकट शिंगं सापडली, रस्त्यावर मेलेलं हरीण असलं, तर आधी डीएनआरला फोन, मग हात लावायचा.

राहिलं भारतात न्यायचं. गावी भिंतीवर लावायला म्हणून बॅगेत शिंगं भरू नका. घरोघरी सांबरशिंग उगाळून लावायचे त्यामुळे मोठ्या माणसांना त्यात काही गैर वाटत नाही, पण कस्टमवाल्याला व्हाइटटेल आणि चितळ यातला फरक विमानतळावर पटवून देत बसणं नको. त्यापेक्षा भरलेल्या शीटचा आणि शिंगांचा फोटो पाठवा. मूळ शीट प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून माउंटच्या मागे चिकटवून ठेवा, नाव, तारीख, काउंटी, टॅग नंबर, ग्रॉस, नेट आणि कोणी मोजलं ते सगळं पेनाने लिहून.